सरवेवाल्यांच्या चित्राला हार

सुप्रिया मॅडम बोरगावच्या पलीकडे एका प्राथमिक शाळेत शिकवतात. शनिवारी बालसभा असते. इतर शाळांत त्या वेळी पोरं पाठ केलेल्या कविता म्हणतात आणि मास्तर मोबाईल पाहतात. मॅडम मात्र जगातलं एखादं नावाजलेलं चित्र फळ्याला टेकवतात आणि बाजूला होतात. नाव आधी सांगायचं नाही, पोरांना काय दिसतं ते बोलू द्यायचं, आणि त्यांचं म्हणणं खोडायचं नाही, हा त्यांचा नियम. मोनालिसा ही पोरांच्या मते फोटो काढताना हसू नको असं बजावलेली बाई आहे. जपानी चित्रातली ती उंच लाट म्हणजे धरणाचं दार उघडलं. समुद्र त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नाही.

मॅडम शाळेच्याच गावच्या. त्यांची माय यमुना आयुष्यभर मजुरीला गेली, आणि पीक निघालं की सरवा वेचायला. सरवा म्हणजे कापणीनंतर वावरात सांडून राहिलेलं कणीस, शेंग. ते गरिबानं वेचावं आणि मालकानं पाठ फिरवावी, अशी जुनी रीत. रीत जुनी असली तरी मालकाची पाठ दरवर्षी फिरतेच असं नाही. सुप्रिया दुसरीत असताना भैय्याजींनी यमुनाला बांधावर अडवून पदरातला गहू परत ओतायला लावला होता. असेल एका वेळच्या पोळ्यांपुरता. शेजारी उभ्या सुप्रियानं आपल्या फ्रॉकच्या खिशातलाही ओतला.

हे भैय्याजी आजही गावातले मोठे बागाईतदार. संत्र्याचा बगिचा, गव्हाची वावरं, आणि शाळेत शब्दाला वजन.

दिवाळीनंतर मॅडमनी एका फ्रेंच चित्रकाराचं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं चित्र आणलं. कापलेल्या शेतात तीन बाया. दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. पोरांना विचारावंच लागलं नाही. सगळा वर्ग म्हणाला, सरवेवाल्या. तिसरीची कंबर दुखते, हेही त्यांनीच ठरवलं. भैय्याजींची नात डिंपल म्हणाली की आमच्या वावरात आबाजी अशा बायांना येऊ देत नाहीत. मॅडमनी ते खोडलं नाही. पण आठवड्याच्या आत ते चित्र तालुक्याच्या सौंसरहून काचेच्या चौकटीत बसवून आणलं आणि महापुरुषांच्या तसबिरींच्या रांगेत शेवटी टांगलं. हे काम त्यांनी थंड डोक्यानं केलं, असं काही म्हणता येत नाही.

डिंपलनं घरी खबर पोचवलीच. चित्र न पाहताच भैय्याजींचा निरोप आला, की भिंत मोठ्या माणसांसाठी असते, मजुरणींचा फोटो सव्वीस जानेवारीनंतर उतरवा. हेडमास्तर शालिकराम गुरुजी पाण्यात राहून माशाशी वैर न धरणारे. त्यांनी उतरवतो म्हणून सांगून टाकलं. सुप्रिया मॅडमना फार लागलं. फोटो उतरला तर आपल्याला पुन्हा एकदा पदर झटकायला लावल्यासारखं होईल, असं त्या मायजवळ बोलल्या. यमुनानं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

आमच्याकडे काचेच्या चौकटीत गेलेला माणूस एक तर देव असतो, नाही तर पुढारी, नाही तर कैलासवासी. तिघांनाही हार लागतो. सव्वीस जानेवारीला पाचवीच्या पोरांनी भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी टेबलावर मांडल्या आणि तेवढेच झेंडूचे हार गुंफले. एक वगळा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी वगळली नाही. पाहुणे अर्थातच भैय्याजी. चष्मा खिशात. टिळा, हार, हात जोडायचे, पुढची चौकट. वर्षानुवर्षांचं काम, त्यात पाहावं लागत नाही. शेवटच्या चौकटीशी त्यांनी अर्धवट वाकलेल्या बाईला टिळा लावला, हार घातला आणि डोळे मिटून हात जोडले.

मागे बसलेल्या बायांमधली एक फिसकन हसली. मग सगळ्यांनीच पदर तोंडाला लावला. भैय्याजींनी खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चौकटीत वाकून पाहिलं. शालिकराम गुरुजी लगबगीनं हार काढायला पुढे झाले.

"राहू द्या," भैय्याजी म्हणाले. "घातलेला हार काढत नसते."

झालं. खुद्द भैय्याजींनी पुजलेला फोटो आता उतरवणार कोण? चित्र हारासकट पुन्हा भिंतीवर गेलं. संध्याकाळी मॅडम फुलून गेल्या होत्या. यमुनाही कार्यक्रमाला मागेच बसली होती. पण ती हसली नव्हती.

"फोटोले हार घातला वं," ती म्हणाली. "वावरात येऊ देते काय, थे पाह्य."

मार्चमध्ये गहू निघाला. हार्वेस्टर फिरून गेल्यावर भैय्याजींनी बायांच्या आधी वावरात सरवा चरायला गुरं सोडली. बाया बांधावरून परत आल्या, त्यांत यमुना होती.

त्या शनिवारी मॅडमनी दुसरं चित्र आणलंच नाही. भिंतीवरचं तेच उतरवून फळ्याला टेकवलं. झेंडू वाळून कडक झाला होता, तो काढून ठेवल्यावर चित्राचा झाकलेला भाग मोकळा झाला. तिथं उजवीकडे, पार मागे, घोड्यावर बसून कापणीवर नजर ठेवणारा एक बारीकसा माणूस होता. आधी तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. हा कोण असेल, असं मॅडमनी विचारलं. मग डिंपल उभी राहिली.

"थे आमचे आबाजी व्हय," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे मॅडमनी खोडलं नाही.