चाकांवरचा भूकंप

किल्लारीच्या भूकंपानंतर लातुरात आमच्या गल्लीत आणखी एक भूकंप झाला. तो मी केला.

तेव्हा मी बारावीला होतो. घरोघरच्या पोरांना डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं होतं (पोरांना नव्हे, बापांना!) आणि त्यासाठी गावोगावची पोरं लातूरच्या क्लासला येऊन पडत होती. मी चाकूरहून मामांकडे येऊन पडलो. मामांचं घर दुमजली, पण भूकंपापासून वर कुणी राहत नव्हतं. घर हललं तेव्हा मामा वर झोपले होते. ते खाली कसे आले हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि पुन्हा जिनाही चढले नाहीत. त्यामुळं वरचा अख्खा हॉल मला एकट्याला मिळाला. अभ्यासाला!

खाली मामींनी स्वयंपाकघरात पातेल्यावर तांब्या, तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी असा मनोरा रचलेला असे. जमीन हलली की मनोरा पडणार, खणखणाट झाला की पळायचं. गल्लीत घरोघरी असे मनोरे होते.

माझा जिगरी दोस्त सलीम. त्याच्या अब्बांचा फोटो स्टुडिओ होता आणि क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो काढून काढून सलीमचा जीव विटला होता.

"दिवसभर काय, तर मान सरळ, हलू नको, डोळे मिटू नको! अरे दत्त्या, हलणारा माणूस मी कधी काढायचा?"

त्याच्या हैदराबादच्या मावसभावानं आपले जुने स्केट्स पाठवले आणि हलणारा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. स्केट्सना एका रांगेत चार चाकं! पायात घालून उभं राहायला मला आठवडा लागला, तोही खिडकीचे गज धरून. नांदेडला स्पर्धा होती. तिथं मी पळायचं आणि सलीमनं फोटो काढायचे, असं ठरलं. मला फार वाटायचं, की आयुष्यात एकदा तरी मार्कांशिवाय कशात तरी उतरून बघावं. पण मामांची सक्त ताकीद होती, "परीक्षेपर्यंत खेळ दिसला, तर यष्टीत बसवून चाकूरला. तुरीच्या रानात अभ्यास कर!"

मी चाकांना जुने मोजे बांधून सराव करायचो. तरी शहाबादी फरशीच्या सांध्यांवरून गुरगुर व्हायचीच.

"दत्ता, वर काय वाजायलंय रे?" मामी खालून विचारायच्या.

"फिरून फिरून पाठांतर करायलोय, मामी!"

"लई कष्ट करायलंय लेकरू," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सलीम कॅमेरा घेऊन आला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

"मोजे काढ," तो म्हणाला. "चाकं दिसाय पाहिजेत. आन् नुस्तं पळू नको, उडी मार!"

"कशावरून?"

त्यानं माझी फिजिक्सची सगळी गाईडं एकावर एक रचली. (त्या पुस्तकांचा मला झालेला हा पहिलाच उपयोग!) मी भिंतीपासून सुटलो. गडगडाट करत आलो, उडी मारली आणि फरशीवर असा आदळलो, की खालचा मनोरा कोसळला.

"भूकंप!" मामींची किंकाळी. "पळा!"

मी खिडकीचे गज धरून कसाबसा उठलो आणि बघतो, तर गल्ली उसळलेली. कुणी पोर काखेत मारलं, कुणी गॅस बंद करायला परत धावलं, कुणी कणकेच्या हातानंच बाहेर आलं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये क्लास चालू होता. त्यातले सर सगळ्या पोरांच्या पुढं होते. मामा आंघोळीला बसले होते. ते टॉवेल आवळत, अंगभर साबणानिशी रस्त्यावर!

"अहो, दत्ता वर हाय!" मामी ओरडल्या.

मी गज सोडून दाराकडं सुटलो. पुढचं मी जिन्यावरच्या आवाजावरून सांगतो. थपाथप पावलं आली, दार धाडकन उघडलं आणि दारात मामा. मला काही थांबता येईना (थांबायचं शिकायचं राहून गेलं होतं!), मी चाकांवरून थेट त्यांच्या मिठीत गेलो. उडीच्या वेळी दाबायचं राहिलेलं बटण सलीमनं आता दाबलं.

मामांनी मला गच्च धरलं होतं. "अजून हालायलंय का रे?"

"न्हाई मामा. मीच हालायलोय."

त्यांनी खाली पाहिलं. चाकं दिसली. आधी पाठीत एक सणसणीत धपाटा बसला, मग ते भिंतीला टेकून खाली बसले आणि रडता रडता हसायला लागले. माझ्यासाठी हा माणूस तो जिना चढला होता. मलाही रडू आलं. अजूनही आठवलं की येतं.

मामी वर आल्या त्या संतापूनच. "उद्याच्या यष्टीनं धाडा याला चाकूरला!"

"धाडायचंच, तर नांदेडला धाडू," मामा डोळ्यांतला साबण पुसत म्हणाले. "मला जिना चढिवला यानं. मी बी येतो."

नांदेडला शिट्टी वाजली आणि मी जागच्या जागी बसलो. बाकीची पोरं वाऱ्यासारखी गेली. कठड्यावरून मामा ओरडले, "अरे, अख्खी गल्ली पळविलास की! आता तू पळ!"

उठलो. पडलो. पुन्हा उठलो. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं.

"भाऊ, चाकं हायतच तुमच्या पायाला. तेवढ्या खुर्च्या टेम्पोपर्यंत पोचिवता का?"

पोचवल्या. तिथंसुद्धा टेम्पोला धडकूनच थांबलो!