सापडलेबाईंचा पॉडकास्ट

बस आगाराच्या मागच्या अंगाला, तिकीट खिडक्या संपतात तिथे, हरवलेल्या वस्तूंची खोली होती. एकवीस वर्षं त्या खोलीत एकच बाई बसत होत्या. बसमध्ये कुणी काही विसरलं की ते त्यांच्या टेबलावर यायचं. त्या वस्तूला चिठ्ठी बांधायच्या, मार्ग क्रमांक लिहायच्या आणि फळीवर ठेवून द्यायच्या. मालक आला की आधी अर्ज भरून घ्यायच्या: वस्तूचं वर्णन करा. ज्याला स्वतःच्या छत्रीची मूठ कशी आहे हे सांगता येत नाही त्याला छत्री मिळत नसे, मग तो कितीही गयावया करो. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना सापडलेबाई म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. घरांचे नकाशे काढायचं काम करायचे. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि खुर्चीतच मान टाकली. बाईंनी जे करायचं ते सगळं केलं, आलेल्यागेलेल्यांना पाणी दिलं आणि पंधरा दिवसांनी कामावर हजर झाल्या. लोक म्हणाले, बाई मोठ्या खंबीर. पण खंबीर वगैरे काही नव्हत्या त्या. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो, आपला असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं आतून झालं होतं. रडू येईल म्हणून काही दिवस त्यांनी वाटही पाहिली. मग तोही नाद सोडला.

पॉडकास्टचं खूळ भाचीच्या डोक्यातलं. थोरल्या बहिणीची ही मुलगी जाहिरातीच्या कंपनीत होती आणि जेवणाच्या सुट्टीत रोज मावशीला फोन करायची. मावशीकडे स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून मावशी फळीवरच्या वस्तूंबद्दल सांगायची. कुणाची कवळी, कुणाच्या लग्नाचा अल्बम, कुणाचा एकच डावा बूट. भाची म्हणाली, हे लोकांनी ऐकायला हवं. बाई म्हणाल्या, बरं. त्या काळात त्या सगळ्यालाच बरं म्हणत होत्या.

रविवारी सकाळी त्या दोघी मागच्या कोठीत रेकॉर्डिंग करायच्या. तिथे बेवारस कोट आणि स्वेटर टांगलेले होते, त्यामुळे आवाज घुमत नसे. पहिला भाग त्या डाव्या बुटाचा. एकोणीस जणांनी ऐकला. त्यांतले आठ नातेवाईक होते, आणि थोरल्या बहिणीने दोनदा ऐकला होता ते वेगळंच.

भाची हाडाची चिवट. तिने भागांच्या नावात मार्ग क्रमांक घालायला सुरुवात केली: ‘मार्ग बारा, डावा बूट.’ त्या मार्गाचे लोक आपल्याच बसची गोष्ट म्हणून ऐकू लागले. मग तिने आगारप्रमुखांच्या मागे लागून प्रत्येक सीटच्या पाठीवर क्यूआर कोडचा एक छोटा कागद चिकटवण्याची परवानगी काढली. फोन त्याच्यासमोर धरला की भाग सुरू. दर सोमवारी सकाळी सातला, न चुकता, नवा भाग. शेवटी एकच विनंती: तुमच्या ओळखीत जो सारखा वस्तू विसरतो त्याला हे पाठवा. असा माणूस प्रत्येकाच्या घरात निघतोच. एकोणीसचे अडीचशे झाले, अडीचशेचे चार हजार. एका सुनेने ऐकून सासऱ्यांचं कानाचं यंत्र ओळखलं. सासरे स्वतः आले, अर्ज नीट भरला, यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, “पाच महिने घरात किती शांतता होती.” मागे उभी असलेली सूनही हसली. बाईंनी रजिस्टरवर सही घेतली.

आकडे वाढले की भाची नाचायची. बाई फोनच्या पडद्यावर चढणारी रेघ बघायच्या आणि ती दुसऱ्याच कुणाची वाटायची.

मग एका रविवारी भाची जरा चाचरत म्हणाली, “मावशी, लोक विचारतात, ह्या बाई कोण? एक भाग काकांबद्दल करूया का? खूप ऐकतील.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी यजमानांबद्दल सांगितलं, जसं बुटाबद्दल सांगितलं होतं तसंच. शर्टाचा रंग, खिशातली पेन्सिल, तिचं टोक अजून तासलेलं. आवाज कुठेही हलला नाही. बारा मिनिटांत झालं.

आठवड्यात चाळीस हजार लोकांनी तो भाग ऐकला. अनोळखी माणसांनी पानंच्या पानं लिहिली. आणि गुरुवारी दुपारी एक बाई, त्यांच्याच वयाच्या, काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. काहीही हरवलेलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून हात आत घालून सापडलेबाईंचा हात धरला आणि ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, “तुमचं दुःख मला कळतं हो.”

सापडलेबाई हात सोडवून न घेता बसून राहिल्या. बाहेर रांग वाढत होती. त्यांना वाटलं, आपण कुठलं दुःख सांगितलं? ते कसं आहे, केवढं आहे, कुठे ठेवलंय, विचारलं तर एक ओळ लिहिता येणार नाही. एकवीस वर्षांत खोटा अर्ज त्यांनी कुणाचा चालवून घेतला नव्हता. आता आपलाच आला.

संध्याकाळी त्यांनी भाचीला फोन केला. “तो भाग काढून टाक.”

भाचीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने समजावून पाहिलं, मग रागावून पाहिलं. आकडे गडगडतील म्हणाली.

“गडगडू देत. मला रडू आलेलं नाही गं. आलं म्हणजे सांगेन. नाही आलं तर नाही.”

मावशीने बरं सोडून दुसरं काही म्हणायला दोन वर्षं लागली होती. भाचीने भाग काढला.

आकडे पडले. काही लोक चिडले, बरेचसे विसरले. दोन महिन्यांत हजाराच्या आत येऊन रेघ आडवी झाली आणि तिथेच राहिली. भाचीने सीटवरचे फाटके कागद बदलले, पण नवं काही सुचवलं नाही. बाई सोमवारचा भाग करत राहिल्या. आत काही हललं का, तर सांगता येत नव्हतं.

एकदा मार्ग बाराचे ड्रायव्हर पाकीट जमा करायला आले आणि काउंटरवर रेंगाळले. शेवटच्या थांब्यावर बस उभी असते तेव्हा ऐकतो, म्हणाले, पण इंजिन चालू असलं की शेवटचे शब्द निसटतात. थोडं सावकाश बोलाल का?

बाईंनी पाकीट उघडून आतलं सामान एकेक करून टेबलावर मांडलं.

“सांगते सावकाश,” त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.