मी तिला पाणी पाजलं

"हिला तोंडाने काही दिलं होतं का? पाणी, चहा, औषध?" कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

माझा पदर छातीवर ओला होता. अर्धा तांब्या पाणी मी दीपालीच्या तोंडात ओतलं होतं, त्यातलं थोडं माझ्यावर सांडलं होतं. ती समोर खाटेवर पडली होती. डोळे अर्धे उघडे, ओठ निळे, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तिची मैत्रीण शबाना माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्या पदराकडे पाहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं, ही एपिलेप्सी आहे. म्हणजे फिट येण्याचा आजार. आपण फेफरं म्हणतो. मेंदूत आतल्या आत झटका उठतो आणि अंग माणसाच्या ताब्यात राहत नाही. ते नाटक नसतं, बाहेरची बाधाही नसते, आणि शिवल्याने कुणाला लागत नाही. या तिन्ही गोष्टी मला त्या दिवशी कळल्या. वय सत्तरीच्या पुढे.

या दोघी पोरी पनवेलमध्ये माझ्या वरच्या खोलीत राहतात. दोघी परगावच्या, शिकायला आलेल्या. कॉलेजला अशा प्रत्येक पोरीमागे इथलं एक मोठं माणूस लागतं. त्याला लोकल गार्डियन म्हणतात. म्हणजे आईबाप लांब, तर त्यांच्या जागी हे माणूस. दोघींसाठी मीच सही केली होती. मला वाटलं, पत्त्यापुरतं नाव लागत असेल.

त्या सकाळी त्या कॉलेजला निघत होत्या. दीपाली जिन्यापाशी केस विंचरता विंचरता ताठ झाली आणि पडली. हातपाय झडायला लागले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. मी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. माझं माहेर करंजा गावचं. तिथे असंच करताना मी लहानपणापासून बघितलेलं. चपलेने भागेना म्हणून कांदा आणायला आत गेले. तेवढ्यात शबानाने फोन लावला. कॉलेजच्या ओळखपत्रामागे अडीअडचणीचा एक नंबर असतो, तो.

मी कांदा फोडून नाकाशी धरला. झटके कमी झाले तसा तांब्या घेतला.

"आजी, पाणी नका पाजू. मॅडम फोनवर सांगतायत, हिला कुशीवर वळवा."

"तू गप बस," मी म्हटलं. "चार पोरं वाढवली हायत मी. तुझ्या मॅडमनी किती वाढवली?"

आणि दात उचकटून पाणी ओतलं. तिला ठसका लागला. मला वाटलं, शुद्ध येते आहे.

कॉलेजनेच सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. ती आली, पण रस्त्यावर न्हावा शेवा बंदराचे कंटेनर खोळंबलेले. गाडीतच दीपालीला दुसरी फिट आली.

दवाखान्याच्या बाकावर कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण विभागाच्या जाधवबाई आमच्याआधी येऊन बसल्या होत्या. फोनवरच्या मॅडम त्याच. मी त्यांना ओळखलं. पावसाळ्यात त्या माझ्या दारात आल्या होत्या. म्हणाल्या होत्या, लोकल गार्डियनना भेटते आहे, पाच मिनिटं बसू का? मला वाटलं, पोरींनी माझ्या सुकटीच्या वासाची तक्रार केली. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि म्हटलं, "पोरींचं काय ते पोरींशी बोला. मी खोली देते, हजेरी नाय घेत." बाईंना कशी वाटेला लावली ते पुढे चार शेजारणींना हसत सांगितलं.

बाईंनी तो विषय काढला नाही. दीपालीच्या वडिलांना कळवलं होतं. कॉलेज मुलांचा विमा उतरवतं, त्याची धावपळ त्याच करत होत्या. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. म्हणजे आतून फोटो. तो स्वच्छ आला. मी मनात म्हटलं, सुटलो.

दुपारी तिला ताप चढला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, उतरायला लागलं. डॉक्टर दोनदा बाहेर आल्या. म्हणाल्या, फिटमध्ये कधी कधी लाळ आत जाते, पण एवढ्या लवकर एवढा त्रास का होतो आहे, कळत नाही. शबाना खाली मान घालून बसली होती. मी खरं सांगायची ती वाट बघत होती हे मला कळत होतं. तरी मी बसून राहिले.

संध्याकाळच्या सुमाराला महाडहून वडील आले. एसटीच्या वर्कशॉपमधून तसेच उठून आलेले, हाताला ग्रीस. आल्या आल्या माझ्या पायांवर वाकले.

"मावशी, तुम्ही होता म्हणून."

मला पाय मागे घेता आले नाहीत. मागे भिंत होती. मी उठले आणि डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले. वडील पाठोपाठ आले. त्यांच्यासमोरच बोलावं लागलं.

"बाई, सकाळी मी खोटं बोलले. अर्धा तांब्या पाणी पाजलंय मी हिला. दात उचकटून."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे सकाळी सांगायचं होतं, आजी. तेव्हापासून फुफ्फुसांवर लक्ष ठेवलं असतं." मग समजावलं. फिटमधल्या माणसाला गिळता येत नाही. पाणी पोटात न जाता फुफ्फुसात जातं आणि तिथे सूज येते. त्याला अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात.

तिला आयसीयूत नेलं, श्वासाचं मशीन लावलं. वडिलांनी सगळ्यांना चहा आणला तेव्हा एक कप माझ्याही हातात दिला. तो मी कसा प्याले ते मलाच ठाऊक.

मशीनवर ती होती तेवढे दिवस मी त्याच बाकावर होते. एका दुपारी मी जाधवबाईंना विचारलं, तुम्ही पावसाळ्यात माझ्या दारात कशाला आला होता? आधी त्या सांगेनात. मग म्हणाल्या, "दीपालीनेच पाठवलं होतं मला. आधीच्या घरमालकिणीने फिट बघून खोली सोडायला लावली होती. तुम्हाला स्वतः सांगायचं तिला धाडस होईना. कुशीवर कसं वळवायचं, तेवढं दाखवायला आले होते."

तुमच्या घरी परगावची पोरं राहत असतील तर ऐका. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. तोंडात चमचा नको, पाणी नको, नाकाला चप्पल नको. कॉलेजची माणसं अशा वेळी दवाखान्यात येतात, घरी कळवतात, विम्याचं बघतात. घाबरलेल्या पोरांशी बोलायला तिथे समुपदेशक असतात. तसं कुणी दारात आलं तर आत घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा, पदर ओला असला तरी.

मशीन निघाल्यावर दीपाली महाडला जाऊन विश्रांती घेऊन आली. मला वाटलं होतं, सामान न्यायला आली. तिने पिशवी जिन्यापाशी ठेवली. घशात घातलेल्या नळीने तिचा आवाज अजून बसलेला होता.

"आजी, मी लपवलं म्हणून रागावलाय का?"

मी पिशवी उचलली आणि वरच्या खोलीत नेऊन ठेवली.

शबानाने फोन केला म्हणून दीपाली जगली.