साखळीपलीकडची गोजरबाई

औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. मी तिथं मराठी शिकवतो आणि अंगदसर जगाचं राजकारण. झाडलोट करणं, पाण्याचा जार भरून ठेवणं, सरांच्या टेबलावर ग्लास ठेवणं ही गोजरबाईची कामं. नऊ वर्षं दाराशी बसून तिनं सरांचे सगळे तास ऐकलेत. परीक्षा दिली असती तर ती एव्हाना तहसीलदार झाली असती, असं माझं मत आहे. अंगदसर तीनदा बसूनही झाले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

उत्तर ध्रुवाचा तास तिचा लाडका. तिकडचा बर्फ वितळतोय, जहाजांना नवी वाट मोकळी होतेय आणि वाट दिसताच दांडगे देश धावून आलेत. रशियानं तर समुद्राच्या तळाशी झेंडा रोवला, वर परवानगीशिवाय जहाज न्यायचं नाही म्हणतो. चीन हजारो किलोमीटर लांब, तरी स्वतःला ध्रुवाशेजारचा म्हणवतो. इथं गोजरबाई तोंडाला पदर लावून हसायची. ती का हसते ते मला ठाऊक होतं. आमच्या सोसायटीचं नाव 'गोदातीर' आहे आणि गोदावरी तिथून गाडीनं तासाभराच्या वाटेवर.

सोसायटी पडेगावच्या पुढं आहे. अंगदसर तिचे अध्यक्ष, मी तिसऱ्या मजल्यावर, आणि मागं गोजरबाईची वस्ती. पूर्वी वस्तीत टँकर यायचा नाही, कारण रस्ताच नव्हता. अकरा वर्षं अर्ज करून, बायाबापड्यांचे अंगठे गोळा करून, महापालिकेच्या पायऱ्या झिजवून गोजरबाईनं रस्ता आणला. पुढच्याच वर्षी त्या रस्त्यावर आमची सोसायटी उभी राहिली. बिल्डरच्या जाहिरातीत 'प्रशस्त डांबरी रस्ता' सगळ्यात वर होता.

मग दुष्काळ पडला. आम्ही ठराव केला की, अनोळखी गाड्यांपासून सुरक्षेसाठी रस्त्यावर साखळी लावावी. टँकर साखळीशी थांबून आधी आमच्या टाकीत रिकामा व्हायचा, उरलं तर वस्तीला. त्या मे महिन्यात गोजरबाईची सून मोनाली बाळंतीण होती, आणि वस्तीत पोचत होतं ते टँकरच्या तळाचं गढूळ पाणी.

त्या दिवशी साठ मुलांसमोर सर रंगात आले होते. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "समुद्राची वाट कुणाच्या बापाची नाही! ती अडवणं म्हणजे निव्वळ दादागिरी!"

दारातून गोजरबाई उठली. "सर, येक इचारू का? वाट आडवनाऱ्याचं चूकच ना?"

"शंभर टक्के."

"मंग उद्या साखळी काढता ना? घरात बाळंतीण हाय. तीन दिस झाले, लेकराला अंघोळ नाय."

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "बाई, ते वेगळं आहे. तो सुरक्षेचा प्रश्न आहे."

साठ मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर जारभोवती सुतळी बांधलेली.

"हे काय चाललंय?" सर ओरडले.

"सुरक्षा हाय सर, अनोळखी गिलासापासून. आधी पोरं पितील, उरलं तर तुमाला."

मे महिन्यात साठ मुलांनंतर काय उरणार? सर तिला कामावरून काढायला निघाले, तर मुलं म्हणाली, मग आम्हीही येत नाही. सर मुकाट्यानं तासाला उभे राहिले आणि कोरड्या घशानं दक्षिण ध्रुवाकडं वळले.

हल्ली ते घरून बाटली आणतात. साखळी तशीच आहे. गोजरबाईनं शेवटी सुनेला लेकरासकट लासूर स्टेशनला माहेरी धाडलं. ज्या रस्त्यासाठी तिनं अकरा वर्षं घालवली, त्याच रस्त्यानं नातू गेला.

काल माझ्या तासाआधी तिनं सुतळी सोडली आणि पहिला ग्लास मला भरून दिला.

"घ्या सर. तुमी सही केली नसंल, मला ठावं हाय."

ठरावावर अंगदसरांच्या खाली माझीच सही आहे. मला शरम वाटली. पाणी गार होतं. मी सगळं पिऊन टाकलं.