समईवरचं विमान

तुमच्या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचले आणि हसले. खोटं कशाला बोलू? पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, अमावस्या... मी विज्ञान शिकवणारी बाई. वर्गात एखादी पोरगी 'आमच्या चिंचेवर काहीतरी आहे' म्हणाली की तिला चिंचेच्या झाडाची आकृती काढून आणायला लावणारी. तर असली मी स्वतः इथे लिहायला बसलेय. एकच विनंती — वाचून झाल्यावर मला कारणं कळवू नका. जेवढी कारणं तुम्हाला सुचतील तेवढी मी आधीच काढून, तपासून, टाकून दिलेली आहेत.

माहेर माझं सांगली. लग्न होऊन आले ती थेट कुंभकोणमला. ह्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. आणि मराठी तरी कसली! लग्नात माझी बहीण कानाशी लागून म्हणाली, "अगं वैजू, तुझा नवरा बखरीतून बोलतो की!" हे 'मला' म्हणायचे नाहीत, 'मज' म्हणायचे. मुलीला 'लेंक'. सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. पुढे पुढे सांगलीला गेले की तिथलंच मराठी मला कोरडं वाटायला लागलं.

ह्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. दुकान बंद करून लोक टीव्हीपुढे बसतात, हे माडीवर जाऊन विमानं करायचे. खेळण्यातली नव्हेत हं, नाहीतर चिडायचे! खऱ्या विमानाच्या मापात लहान केलेली, हुबेहूब. प्लास्टिकचे शेकडो सुटे भाग चिमट्याने जोडायचे, चार केसांच्या ब्रशने खिडक्यांच्या कडा रंगवायच्या. पायलटच्या पुढ्यातली घड्याळंसुद्धा रंगवायचे, जी विमान बंद झाल्यावर कुणाला दिसणार नसतात. मी म्हणायचे, "अहो, कोण बघणार आहे आत?" तर म्हणायचे, "मज ठाऊक असतंय ना, ते पुरे." विमानांबरोबर रॉकेटं, उपग्रह, चंद्रावर उतरणारं चार पायांचं यान. त्या यानाला सोनेरी कागद चॉकलेटचा. चॉकलेटं मी खायची, कागद त्यांनी घ्यायचा, असा आमचा संसार. नवरात्रात इथे घरोघर गोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. आमच्या गोलूत दशावताराशेजारी ते यान असायचं. शेजारच्या मामी दरवर्षी आधी त्याला नमस्कार करायच्या, मग विचारायच्या, हे कोणतं दैवत म्हणून.

असा हा माणूस. आयुष्यात विमानात एकदाही बसला नव्हता.

आमची मुलगी जानकी शिकायला इंग्लंडला गेली तेव्हा ह्यांनी एक नवीनच खूळ काढलं. इथल्या समयांच्या गावची, नाचियार्कोविलची, एक जुनी समई माडीवर पडून होती, टोकावरचा हंस तुटलेली. हंसाच्या जागी ह्यांनी पितळेची बारीक काडी बसवली. जानकी ज्या जातीच्या विमानातून निघणार, ती आधी विचारून घ्यायची. मग ते विमान त्या काडीवर चढवायचं. विमानाच्या पोटाला भोक पाडून आत पितळी नळी बसवलेली, त्यामुळे ते काडीवर नीट तरंगत राहायचं. समईवर चढायच्या विमानांची चाकं पोटात बंद केलेली हवीत, हा दंडक. "उडत्या विमानाचे पाय दिसतां नयेत." आणि पोर पोचेपर्यंत त्या समईला कुणी बोट लावायचं नाही.

पोर उतरली की तिचा पहिला फोन ह्यांनाच. दोनच शब्द — "अप्पा, उतरले." मग हे विमान खाली काढणार आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडणार, "वैजू, लेंक उतरली गे!" मी स्वयंपाकघरातून म्हणणार, "बरं झालं. आता तुम्हीही उतरा, जेवण निवतंय."

इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही हे.

आता 'हत्ती'बद्दल सांगते. चार इंजिनांचं, दुमजली, पांढरंशुभ्र विमान. जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान म्हणे. मॉडेलसुद्धा चांगलं हाताएवढं लांब. ते ह्यांनी चाकं बाहेर ठेवून केलं होतं आणि त्याच्या पोटाला भोक नव्हतं, कारण आमचं कुणीच त्यातून कधी गेलं नव्हतं. "हा आपला," हे म्हणायचे. "उन्हाळ्यांत लेकीस पदवी मिळेल. तेव्हा आपण दोघं ह्याच्यातनं जाऊं. निघायच्या दिवशी भोक पाडीन, चाकंही बंद करीन."

"आधी पासपोर्ट तरी काढा," मी म्हटलं. तर खरंच काढून आणला! फोटोत नवरदेवासारखे हसतायत.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. आयुधपूजेला इथे सगळी हत्यारं, अवजारं देवीपुढे मांडून गंध-कुंकू लावतात. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, परत पूजा करून ती उचलायची. तोवर हात लावायचा नाही. ह्यांनी माडीवर टेबलावर आपले चिमटे, ब्रश, कानस, बोटांत धरून फिरवायचं लहानसं ड्रिल, सगळं ओळीने मांडलं. प्रत्येकाला गंधाचा टिळा, त्यावर कुंकू. मग कपाटातून हत्ती काढला, उलटा केला आणि पोटाच्या बरोबर मध्ये एक टिळा लावला. "इथं," म्हणाले. मी समोरच उभी होते, प्रसादाची वाटी घेऊन. पोट गुळगुळीत होतं. नीट पाहिलंय मी.

दसऱ्याच्या सकाळी हे कॉफी घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. पूजा उचलायला वरच निघालेले. पेला हातातून निसटला. मी ओरडलेच, "अहो, आत्ताच पुसलंय ना!" तर माझ्याकडे बघून म्हणाले, "वैजू, हात येईना गे."

ते शेवटचं बोलणं.

अँब्युलन्स आली. तंजावरच्या दवाखान्यात नेलं. घराला कुलूप मी लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसरी किल्ली जानकीजवळ, इंग्लंडात. मागच्या दाराला आतून अडसर. माडी, गोलू, टेबलावरची पूजा, सगळं होतं तिथेच राहिलं. माझा दीर रामू तिरुभुवनमहून परस्पर दवाखान्यात आला.

मेंदूत रक्तस्राव झालेला. दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध गेली होती. जानकीला फोन केला. "निघाले," एवढंच म्हणाली. तिला चेन्नईचं तिकीट मिळालं, नेहमीचं दोन इंजिनांचं विमान. मला आत जाऊन ह्यांच्या कानात सांगायचं होतं, अहो, लेंक निघालीय, थांबा जरा. पण आत सोडत नव्हते. काचेतून नुसते पाय दिसायचे. मी काचेला तोंड लावून सांगितलं... काचेपलीकडे काय ऐकू जाणार, कपाळ!

जानकी हवेत असतानाच हे गेले.

घरी आणलं. कुलूप मी माझ्या हाताने काढलं. ओटीवर बर्फाची पेटी आली, माणसं जमली, मामी येऊन गळ्यात पडल्या. ह्यांना नेसवायला नवीन वेष्टी, म्हणजे धोतर, हवी म्हणून मी माडीवर गेले.

समईवर हत्ती होता.

आधी मला राग आला, खरं सांगते. पूजा मोडून कुणी हात लावला? खाली येऊन रामूला विचारलं. तो बावचळला. "वैनी, किल्ली तुमच्याचजवळ होती की! मी कुठनं वर जाऊं?" आणि मग त्या सगळ्या रडारडीत माझ्या मनात काय यावं? तर — अहो, चुकलं तुमचं! लेंक दोन इंजिनांच्या विमानातून येतेय, हत्तीतून नव्हे. इतकी वर्षं न चुकलेला माणूस आजच कसा चुकला... ह्यांनीच चढवलं असं मी धरूनच चालले होते, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

जानकी बेंगळुरूला उतरून टॅक्सीने आली. चेन्नईचं विमान रद्द झालं म्हणून तिकडे पाठवलं, एवढंच तिने रामूला टॅक्सीवाल्याच्या फोनवरून सांगितलेलं. आली ती उंबऱ्यातच बसली. ह्यांना नेलं, तरी ती तिथेच. रडली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा — "अम्मा, अप्पांस कळलंच नाही मी निघाले म्हणून. त्यांस वाटलं असेल, लेंक आलीच नाही."

तिच्या तोंडात घास जाईना. कॉफी पुढे ठेवली की साय धरेपर्यंत तशीच. बापापाठोपाठ ही पण जाते की काय, असं मला वाटायला लागलं.

अस्थी आणल्या त्या दुपारी मी म्हटलं, "चल, अप्पांच्या खोलीत बसू." म्हटलं, त्यांच्या वस्तू बघून रडली तर रडू दे एकदाची.

ती दारातच थबकली. समईकडे बघत म्हणाली, "अम्मा, तुज कोणी सांगितलं मी ह्याच्यातनं आले म्हणून?"

"कशातून?"

"हत्तीतनं! चेन्नईचं रद्द झालं, तर शेवटच्या घटकेस मज ह्यांत बसवलं. मधल्या विमानतळावर. माझा फोन बंद पडलेला. मी कोणास सांगितलंच नाही, अम्मा!"

मी समईजवळ गेले.

तिने खाली वाकून हत्तीचं पोट पाहिलं. भोक होतं. गंधाच्या टिळ्याच्या बरोबर मधोमध, भोवती कुंकवाची कड उरलेली. आत पितळी नळी, डिंक कुठे ओघळलेला नाही. ह्यांचंच काम. टेबलावर बाकी अवजारं पूजेत होती तशी, फुलं वाळलेली. फक्त ड्रिलच्या पात्याच्या खोबणीत पांढऱ्या प्लास्टिकचा बारीक भुगा होता. मुठीवरचं गंध अंगठ्याखाली पुसलं गेलं होतं.

जानकी आणखी वाकली. मग म्हणाली, "चाकं बाहेर आहेत."

"हो गं. बंद करायला..." मला 'वेळ मिळाला नाही' म्हणायचं होतं, पण म्हणवेना.

"नाही अम्मा. उडताना चाकं आंत असतात. उतरताना बाहेर येतात." तिने चाकांकडे बोट केलं. "त्यांनी मज उतरताना पाहिलंय."

आणि तिने आपला फोन काढला. माझ्या कमरेला खोचलेल्या पिशवीत ह्यांचा फोन वाजला — लोकांचे फोन यायचे म्हणून तो मीच जवळ ठेवला होता. पडद्यावर 'लेंक'. समोर ती उभी, दोन हातांवर. मी फोन उचलून कानाला लावला.

"अप्पा, उतरले," ती म्हणाली.

मला एकदा खोलीतून ऐकू आलं आणि एकदा फोनमधून. तिने फोन ठेवला, दोन्ही हातांनी हत्ती अलगद खाली काढला, पोटाशी धरला आणि तीन दिवसांचं रडू रडली. मीही रडले. मग खाली येऊन तिने दहीभाताचे चार घास खाल्ले.

ह्यांनीच आधी भोक पाडलं असेल, म्हणाल. पूजेनंतर मी आणि ते एकत्रच खाली आलो, आणि सकाळी ते पहिल्या पायरीपुढे गेलेच नाहीत. शिवाय विमान बदललं ते जानकीलाही तोवर ठाऊक नव्हतं. चोर शिरला म्हणाल, तर तो एवढं नाजूक काम करून काहीच न नेता का गेला? योगायोग म्हणायला माझी हरकत नाही, फक्त तो कसला, ते मला सांगता येत नाही. विज्ञान शिकवते म्हणून सांगते, 'माहीत नाही' हे सुद्धा उत्तर असतं. मुलींना मी ते नेहमी सांगते. स्वतःला सांगायची वेळ पहिल्यांदाच आली.

जानकी परत गेली, अधूनमधून येते. ती निघाली की आता मी विमान विचारून घेते आणि समईवर चढवते. माझ्या हातून विमान जरा वाकडंच बसतं. पोचली की फोन मला येतो — "अम्मा, उतरले." मी विमान खाली काढते आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडते, "अहो, लेंक उतरली हो!"

खालून कुणी 'आता तुम्हीही उतरा' म्हणत नाही. मी थोडा वेळ उभी राहते तिथेच. मग आपली आपण उतरते.