हरवलेल्या वडिलांची चौकशी

कंपनीच्या बसमध्ये शेंद्र्याच्या कारखान्यात पोचेपर्यंत लोक झोपतात. मी इंग्रजी शिकायचो. मोबाईलवर एक बाई रोज सकाळी सांगायच्या, की खरे इंग्रज पुस्तकातल्यासारखं बोलतच नाहीत. ‘आय ॲम फाइन’ म्हणणारा माणूस ते लांबूनच ओळखतात. हे ऐकल्यापासून मला फाइन असण्याचीच लाज वाटायला लागली. बाईंनी एक वाक्प्रचार द्यायचा आणि मी तो त्याच दिवशी कुणाच्या तरी अंगावर सोडायचा, असा नेमच झाला. बायकोनं बाथरूमचा गळका नळ दाखवला, तर ‘सोपं काम’ या अर्थानं मी पाना उचलून म्हणालो, “पीस ऑफ केक!”

“आधी नळ बघा,” ती म्हणाली. “केक संध्याकाळी आणा.”

आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग होतात आणि मी तिथं क्वालिटीत सुपरवायझर आहे. गेल्या दिवाळीनंतर साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की गिऱ्हाइकाचा तपासनीस इंग्लंडहून येतोय. दोन दिवस सगळं बघेल. हो म्हणाला तर नव्या भागाचं काम आपल्याकडं. नाही म्हणाला तर ते पुण्याकडच्या प्लांटला जाणार, आणि त्या कामासाठी प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, घेतलेली ठेकेदाराची माणसं घरी बसणार. मग साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. “तू दिवसभर इंग्रजी बडबडत असतोस. तूच त्याच्यासोबत राहा.”

प्रेसवरच्या त्या माणसांत आमच्या दौलताबादकडचे एक भाऊ होते. वयानं माझ्यापेक्षा मोठे, आधीची कंपनी बंद पडल्यावर इथं लागलेले. बसमध्ये माझ्या शेजारीच बसायचे. बातमी कळली तशी त्यांनी माझ्या कानातला इअरफोन हळूच काढला.

“साहेब, लई शिकायलात म्हणून सांगतो. त्या गोऱ्याला नीट सांभाळा. माझी थोरली यंदा बारावीला हाय.”

एवढंच बोलून त्यांनी इअरफोन पुन्हा माझ्या कानात घातला.

मी कसं सांभाळलं ते ऐका. पाहुणा उंच, चष्मेवाला, बोलायला अगदी मऊ. त्याच्यापुढं चहा धरला तर म्हणाला, “आय ॲम गुड.” आता, मी चहाचं विचारलं होतं, स्वभावाचं नाही. तरी पाहुण्याचा मान म्हणून मी म्हणालो, “येस सर, व्हेरी गुड!” आणि कप त्याच्या हातात कोंबला. थोड्या वेळानं पुन्हा चहा, पुन्हा तो गुड, पुन्हा कप. दुपारपर्यंत तो बिचारा चहाचा ट्रे दिसला की खांबामागं सरकायला लागला. ‘नको’ असा त्याचा अर्थ होता, हे मला नंतर कळलं.

मग आम्ही प्रेस शॉपच्या दाराशी आलो. तिथं भिंतीएवढी पाटी आहे: हात-पाय सांभाळा. कामाला सुरुवात होतेय, शुभेच्छा द्याव्यात, म्हणून त्या पाटीखाली उभा राहून मी बाईंचा सगळ्यात लाडका वाक्प्रचार काढला. “सर, ब्रेक अ लेग!” पाहुण्यानं आधी पाटीकडं पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडं. मग वहीत काहीतरी लिहिलं. मागं साहेबांचा चेहरा असा झाला होता, की जणू प्रेसखाली त्यांचाच पाय सापडलाय.

संध्याकाळी त्याला हॉटेलवर सोडायला मी कंपनीच्या गाडीतून निघालो; ड्रायव्हर पुढं, आम्ही दोघं मागं. जालना रोडवर सिग्नलला गाडी थांबली. एक म्हातारा माणूस कुणाचा तरी हात धरून रस्ता ओलांडत होता. पाहुणा बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, “वी लॉस्ट डॅड इन द स्प्रिंग.”

लॉस्ट म्हणजे हरवले. हे मला पक्कं माहीत होतं, त्यासाठी बाईंची गरज नव्हती. स्प्रिंग म्हणजे आमच्या स्टोअरमध्ये असते ती. पण तिच्यात वडील हरवणार कसे? तेव्हा हे तिकडचं एखादं गाव असणार. माझा जीव कळवळला. कारण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, हेच करतात. त्यांना आताचं फारसं आठवत नाही. आम्ही सिडकोत राहतो हे ते मान्यच करत नाहीत, आणि जरा दार उघडं दिसलं की गावी पेरूच्या बागेला पाणी द्यायला निघतात.

“सर, डोन्ट टेक टेन्शन,” मी त्याच्या हातावर हात ठेवला. “माय फादर ऑल्सो लॉस्ट. एव्हरी मंथ!” मग मी त्याला सगळी युक्ती समजावली. शर्टाच्या आतून मोबाईल नंबर शिवून टाकायचा. चौकातल्या रिक्षावाल्यांना ओळख करून द्यायची, ते चहाही पाजतात आणि घरीही आणून सोडतात. बस स्टँडवर आधी बघायचं. “यू पोलीस कम्प्लेंट गिव्हन?” मी विचारलं. “इन स्प्रिंग?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, “नो. ही डाइड.”

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. मला दार उघडून उतरावंसं वाटलं. स्प्रिंग म्हणजे गाव नव्हे, वसंत ऋतू होता. आपणही ‘वडील गेले’ म्हणतो. तेव्हा कुणी ‘कुठं?’ असं विचारतं का? मी मात्र विचारलं होतं. वर रिक्षावाले सुचवले होते. मी सॉरी म्हणत होतो, आणि तेवढ्यात शेजारून विचित्र आवाज यायला लागला. बघतो तर पाहुणा हसत होता. खांदे हलेपर्यंत हसला, मग चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागला, आणि ते पुसणं काही लवकर थांबेना. मी पाण्याची बाटली पुढं केली. या वेळी तो ‘गुड’ म्हणाला नाही.

पुढं चौकात आल्यावर त्यानं विचारलं, “तुमचे वडील परत येतात?”

“आतापर्यंत आलेत,” मी म्हणालो.

“मला त्यांना भेटता येईल?”

बायकोला फोन केला तर ती म्हणाली, “अहो, घरात पसारा आहे! आणि त्याला काय, पोहे चालतात का?” चालले. दादा पलंगावर बसले होते. पाहुणा वाकून आत आला. दादांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आमच्याकडं अनोळखी पोरांना विचारतात तेच विचारलं.

“कुणाचा रं तू?”

पाहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. याला इंग्रजीत काय म्हणतात, ते बाईंनी शिकवलेलं नव्हतं. “ही इज आस्किंग,” मी म्हणालो, “हूज आर यू?”

मग त्यानं वडिलांचं नाव सांगितलं, पूर्ण नाव, आणि म्हणाला, ते बस चालवायचे. मी दादांना सांगितलं.

“डायवर व्हय?” दादांनी मान हलवली. “मग येत्याल की घरी. उशीर व्हतो त्या लोकांला.”

“काय म्हणाले?”

मी जसं होतं तसं सांगितलं. एकही वाक्प्रचार न घालता. पाहुणा मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून खात राहिला. निघताना दादांनी त्याला, पेरू पिकल्यावर ये, म्हणून बजावलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं गोडच होणार असं मी धरून चाललो होतो, तर नाही. शेवटच्या मीटिंगमध्ये पाहुणा कोरड्या आवाजात एकेक मुद्दा वाचत गेला. प्रेसपाशी आला आणि म्हणाला, “आय ॲम ऑन द फेन्स.”

“येस सर, थँक यू सर,” आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

साहेब माझ्या कानाशी आले. “अरे, कुंपणाचं काय म्हणतोय? मागची तार तुटलीय ती दिसली की काय? सिक्युरिटीला पळव.”

मी अर्धा उठलोही होतो. पण आदल्या संध्याकाळचं ते ‘ही डाइड’ कानात होतं. बसल्या जागी मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. “सर, मला फेन्स समजलं नाही. सोप्या इंग्रजीत सांगता का?”

साहेबांनी डोळे मिटले. पाहुण्यानं पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, की त्याला धड हो म्हणवत नाही, धड नाही म्हणवत नाही.

“साहेब,” मी कुजबुजलो, “कुंपण नाही. तळ्यात-मळ्यात चाललंय त्याचं.”

“कशामुळं ते विचार ना मग!”

विचारलं. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलल्यावर पहिला नग कोण तपासतं, काम त्याआधी सुरू होतं की नंतर, हे त्याला डोळ्यांनी बघायला मिळालं नव्हतं. कागदावर सह्या होत्या, पण कागदावर सह्या सगळीकडंच असतात, असं तो म्हणाला. एवढंच होतं. आम्ही थँक यू म्हणून उठलो असतो, तर तेवढ्यावर काम पुण्याकडं गेलं असतं.

आम्ही सगळे खाली गेलो. भाऊंची पाळी होती. त्यांनी डाय बदलली, पहिला नग काढला, मशीन थांबवून ठेवली. नग माप तपासायच्या गेजवर बसेना. म्हटलं, आजच बसायचं नव्हतं का याला! भाऊंनी आमच्यापैकी कुणाकडंही बघितलं नाही. डाय पुन्हा सरकवली, दुसरा नग काढला, तो बसला. तेव्हाच मला हाक मारून सही घेतली आणि मग बटण दाबलं. पाहुणा हाताची घडी घालून सगळं बघत होता. न बसलेला नग त्यानं स्वतः उचलून लाल डब्यात टाकला, आणि साहेबांकडं वळून काहीतरी बोलला. त्यात एकही वाक्प्रचार नव्हता. आमच्या शिपायालासुद्धा कळलं असतं.

मशीनच्या आवाजात भाऊंना ऐकू गेलं नव्हतं. कान माझ्या तोंडाजवळ आणून त्यांनी विचारलं, “काय म्हणला हो?”

“व्हय म्हणला.”

“नक्की? का तुमच्या त्या बाईंचं काही हाय त्यात?”

“नक्की.”

त्यांनी हातमोजा काढून कपाळ पुसलं, पुन्हा हातमोजा चढवला आणि पुढचा पत्रा उचलला.