बानूबाईचा उलटा नवस

"नारू निघू दे. माझ्याच पायात निघू दे, आन मिरगाच्या आत निघू दे!"

असा नवस कुणी शहाणं माणूस बोलेल का? बानूबाई बोलली. कळसच्या माळावरच्या बिरोबापुढं भंडारा उधळून, हात जोडून, चारचौघींच्या देखत बोलली. बायांनी एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावला. बाई खुळी झाली म्हणाल्या. खुळी कसली! तिचं घर, तिचा धंदा आणि तिची अब्रू त्या एका किड्यावर टांगलेली होती.

आता नारू म्हणजे काय ते सांगत बसावं लागतं, हे तुमचं नशीबच म्हणायचं. सुतासारखा पांढरा, हातभर लांब किडा. पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात गपगुमान राहतो आणि ऐन उन्हाळ्यात घोट्यापाशी नाहीतर गुडघ्यापाशी फोड उठवून डोकं बाहेर काढतो. आग अशी, की माणूस पाय तोडून टाका म्हणतो. ओढायला जावं तर मधेच तुटतो, आणि तुटला की पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळत रोज बोटभर काढायचा. एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराला इंदापूर तालुक्यात उन्हाळा लागला, की घरटी एखादं माणूस बाजेवर आडवं असायचंच. तिकडं बारामतीला कालव्याच्या पाण्यावर उसाचे फड डुलत होते. हा कळसच्या पलीकडचा माळ मात्र उंचावरचा, कालव्याचा थेंब वर चढायचा नाही. धनगरांच्या त्या वाडीला पायऱ्यांची एकच बारव. घागर घेऊन खाली उतरायचं, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि भरून वर यायचं.

बानूबाईच्या नवऱ्याला, रामहरीला, असाच नारू झाला आणि तुटला. पाय गुडघ्यात आखडला तो कायमचाच. काठी टेकत चालणाऱ्या माणसानं मेंढरं कशी राखायची? कळप विकावा लागला. मेंढरं कोंडायचं जाळीचं वाघूर खुंटीला लटकलं, ते परत कुणी काढलं नाही. रामहरी त्याच्याकडं पाठ करून बसायचा. बानूबाईला ती पाठ बघवत नसे.

मग ती लोकर आणून सूत कातायची, घोंगडी विणून घ्यायची आणि बैलगाडीत बसून बारामतीच्या बाजाराला न्यायची. तिथं चंचळबाई नावाच्या एका जैन गुजर म्हातारीच्या ओसरीवर तिनं एकदा पाणी मागितलं. म्हातारीनं दुपदरी कापडातून गाळून पाणी दिलं.

"तुमच्यात कुणाला नारू हुतो का वो?" बानूबाईनं सहज विचारलं.

"आमच्या घरात? नाही बाई. मी सून होऊन आले तेव्हापासून तरी ऐकला नाही."

बानूबाईच्या हातातला तांब्या हातातच राहिला. एवढंसं फडकं! रामहरीचा पाय, सगळा कळप, दारातली कुत्री, सगळं एका फडक्यावाचून गेलं? तिला रडूच आलं. म्हातारीनं तिला जवळ बसवून सगळी रीत शिकवली. शेवटी म्हणाली, "आणि हे बघ, गाळून झालं की गाळणी उलटी करून धुवायची आणि ते पाणी ज्या विहिरीचं त्या विहिरीत परत सोडायचं. जीव मारायचा नाही. पाप लागतं." बानूबाईनं मान डोलावली. शिकायचं तर सगळंच शिकावं, अर्धवट कशाला!

तिनं मांजरपाट आणला. दुहेरी करून शिवला, घागरीच्या तोंडाला आवळायला नाडी घातली. झाली गाळणी. शेरभर बाजरीला एक, असा सौदा घेऊन ती दारोदार फिरली. सगळ्यांत आधी शेजारणीकडं, भागूबाईकडं गेली. भागूबाई तोंडानं फटकळ, पण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या.

"अगं बाने, पाणी गाळून प्यायला आमी काय गुजर हाय व्हय? उद्या म्हणशील, हवा गाळून घ्या!"

सगळी वाडी हसली. नारूचं नाव काढलं की लोक म्हणायचे, नशिबात असंल तर हुनार. बानूबाई चार दिवस तोंड पाडून बसली आणि मग तिच्या डोक्यात आलं. दुखणं कुणी विकत घेत नाही, शोभा घेतात! तिनं गाळणीला लाल काठ लावला, नाडीच्या टोकाला लोकरीचे गोंडे बांधले आणि नारूचं नावही न काढता सांगायला लागली, "रुखवतात नवरीच्या घागरीवर ही ठिवायची. बारामतीच्या मोठ्या घरांत असंच असतंय." झालं! वरकुट्यापासून मागणी आली. ज्या रुखवतात गाळणी नाही त्या रुखवताला नावं ठेवायला लागले लोक. घरात बाजरीची कणगी भरली. रामहरी बसल्या जागी गोंडे वळायला लागला, आणि कितीतरी दिवसांनी त्याची पाठ खुंटीकडून वळली.

पण गोम अशी, की गाळणी घरोघर गेली आणि खुंटीवर बसली. पाणी कुणीच गाळेना. भागूबाईनं तर तिच्यात चक्क्याचं दही टांगलं. रोज नेमानं पाणी गाळणारी वाडीत एकटी बानूबाई. आणि गाळून झालं की गाळणी उलटी करून, धुवून, ते पाणी नेमानं बारवेत सोडणारीही तीच.

दोन उन्हाळे गेले. बानूबाईच्या घरात नारू नाही, बाकी वाडीत आहेच. तिसऱ्या चैत्रात भागूबाईच्या जोतीरामला नारू निघाला. तरणाताठा गडी, हळद लागायला आठवडा राहिलेला. मुलीकडच्यांनी निरोप धाडला, लंगड्याला मुलगी द्यायची नाही. भागूबाई रडून रडून बारवेवर पाणी आणायला आली, तर समोर बानूबाई पायरीवर वाकून गाळणी उलटी करत होती.

भागूबाईनं जी बोंब ठोकली, ती पार शिवारात ऐकू गेली.

"बघा रं बघा! सोताच्या घरचे किडे गाळून आमच्या पाण्यात वतती ही रांड! माझ्या पोराचा पाय हिनं खाल्ला!"

बघता बघता माणसं जमली. कुणी म्हणालं चेटूक, कुणी म्हणालं हिच्याच घरात नारू का होत नाही ते आता कळलं. कुणीतरी तिच्या हातची घागर हिसकून पायरीवर आपटली. रामहरी काठी टेकत धावला आणि मधेच पडला. त्याला कुणी उठवलं नाही. सर्जेराव पाटील आले तेव्हा कुठं हात थांबले.

पाटील बानूबाईच्या माहेरच्या भावकीतले. प्रकरण मिटवावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी बिरोबाचा भंडारा मागवला आणि तिच्यापुढं धरला.

"उचल भंडारा. म्हण, मी पाण्यात काय वतलं न्हाई. सुटलीस."

सुटका एवढी सोपी होती. एक वाक्य म्हणायचं. बानूबाईचा हात पुढं झाला आणि भंडाऱ्यावरच अडला. देवाच्या नावानं खोटं कसं बोलायचं?

"वतलं, आबा," ती म्हणाली. "रोज वतलं. जीव मारू न्हाई म्हनून वतलं. पुण्य लागंल वाटलं मला."

लोकांचा एकच कालवा झाला. पाटलांचा चेहरा उतरला. माणूस तसा सरळ, पण आता त्यांनाही आवाज चढवावा लागला.

"मग मला एवढंच सांग. त्या पाण्यात नारू हाय का न्हाई? नसंल, तर तुझी गाळणी थोतांड, आमची बाजरी तू फुकट खाल्लीस. असंल, तर तू गावाच्या पाण्यात ईख कालवलंस. बोल!"

इकडं आड, तिकडं विहीर. बानूबाईनं हातातल्या ओल्या गाळणीकडं बघितलं. उन्हात कापडावर टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी टुणटुण उडत होतं. इतके दिवस तिनं त्याला नुसता जीव म्हटलं होतं, निरखून कधी बघितलंच नव्हतं. आपण आपलं घर वाचवलं आणि जोतीरामच्या घशात हे ढकललं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

"हाय," ती म्हणाली. "ह्यातच नारू हाय. माझं चुकलं, हे मातीत टाकायला पायजे हुतं."

"कशावरनं?" भागूबाई ओरडली. "आता अंगावर आलं म्हनून सांगतीस!"

बानूबाईनं एकीच्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला, गाळणी उलटी करून त्यात धुतली आणि कुणाला काही कळायच्या आत ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"ह्याच्यावरनं. पुढच्या उन्हाळ्याला माझा पाय बघा."

रामहरीनं मातीत पडल्या पडल्या किंकाळी फोडली. त्याला ठाऊक होतं ती काय प्यायली ते.

पाटलांनी निवाडा दिला. आजपासून वाडीतल्या प्रत्येक घरानं पाणी गाळायचं आणि गाळलेलं लांब मातीत टाकायचं. नारू परत पाण्यात जाऊ नये म्हणून नारूवाल्यानं बारवेत पाय घालायचा नाही. पुढच्या मिरगापर्यंत बानूबाईच्या पायात नारू निघाला तर ती खरी. नाही निघाला, तर सगळ्या गाळण्या उकिरड्यावर आणि रामहरीनं बायकोला घेऊन वाडी सोडायची.

ते वर्ष कसं गेलं म्हणता! आधीच पोटात गेलेले नारू त्या उन्हाळ्यात निघतच राहिले आणि प्रत्येक नारूमागं बानूबाईला शिव्या बसल्या. रुखवतातली गाळणी बंद झाली. बाजाराला जाताना गाडीत तिच्या शेजारी कुणी बसेना. पाणी मात्र लोक गाळत होते, पाटलांच्या धाकानं आणि बानूबाई खोटी पडलेली बघायच्या हौसेनं.

पुढचा चैत्र आला. वाडीत एकाही माणसाला नारू नाही. वैशाख आला, तरी नाही. तुम्हाला वाटेल, लोकांनी बानूबाईचे पाय धरले असतील. छे! लोक म्हणाले, औंदा देवीची किरपा. गाळणीचा काय संबंध? आणि बानूबाईचा पाय तर धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. रोज उजाडताच ती दारात बसून दोन्ही पाय चाचपून बघायची. तेव्हाच ती बिरोबाला गेली आणि तो उलटा नवस बोलली.

घरी आली तर रामहरी बांधाबांध करत होता.

"जाऊ कुठंबी. मोरगावाकडं जाऊ. मी गोंडे वळीन, तू विकशील."

"आन मी चेटकीन म्हनून जाऊ? थोडं थांबा. निघंल."

"निघू नये म्हनून मीबी नवस बोललोय, बानू." त्याचा आवाज फाटला. "त्याच बिरोबाला. तुला ठावं न्हाई त्यो जाळ. मी भोगलाय. घर जाऊ दे, वाडी जाऊ दे, तुझा पाय ऱ्हाऊ दे!"

एकाच देवाला एकाच घरातून दोन नवस. देवानं तरी कुणाचं ऐकावं?

रोहिण्या लागल्या. मृग तोंडावर आला. पाटलांचा माणूस येऊन सांगून गेला, गाडी कधी जुंपायची ते ठरवा. आणि एके दिवशी भर दुपारी, शेणी थापताना, बानूबाईच्या घोट्यात निखारा ठेवावा तसा जाळ उठला. बघते तर टम्म फोड. ती हसली, आणि दुसऱ्या क्षणी तिनं ओठ चावला. जाळ मांडीपर्यंत गेला होता. पाय थंड पाण्यात घालायचा, एवढंच तिला सुचत होतं. लंगडत, पडत ती बारवेशी पोचली.

खाली गार, काळं पाणी. पाच-सात पायऱ्या उतरायच्या. रामहरी असाच उतरला असणार, जोतीरामही. जाळ झाला की माणूस पाण्याकडंच धावतो आणि नारू आपली पिल्लं तिथंच सोडतो. वरच्या पायरीवर ती मटकन बसली. पायरीचा दगड तिनं दोन्ही हातांनी गच्च धरला. खाली भागूबाई घागर भरत होती.

"भागू!" बानूबाई ओरडली. "वर ये. मला खाली उतरू दिऊ नगंस!"

भागूबाई वर आली. तिनं फोड बघितला. वर्षभर ती बानूबाईशी एक शब्दही बोलली नव्हती. पण जोतीरामच्या उशाशी बसून तिनं हा फोड दिवसरात्र बघितला होता. तिनं बानूबाईला काखेत धरलं, ओढत ओढत बारवेपासून दूर बाभळीखाली नेलं आणि भरलेली घागर तिच्या पायावर ओतली. फोड फुटला. आतून पांढरं सूत डोकावलं.

"निघाला गं! बानूबाईचा नारू निघाला!" भागूबाई वाडीकडं तोंड करून ओरडली. बाळंतघरातून पोर झाल्याचं ओरडून सांगतात तशी. आणि मग बानूबाईच्या गळ्यात पडून रडायला लागली. "म्या गाळनीत दही टांगलं गं बाने. माझ्या पोराचा पाय म्याच खाल्ला!"

"दोघींनी खाल्ला, भागू," बानूबाई दात आवळून म्हणाली. "आता पानी आन. जळतंय."

त्यानंतर वाडीतली गाळणी खुंटीवर चढली नाही. वरकुटे, कळस, पार इंदापूरच्या बाजारापर्यंत बानूबाईच्या गाळण्या गेल्या. आता लाल काठाची गरज उरली नव्हती, पण तिनं तो काढला नाही. तिचा नारू नीट निघाला नाही, तुटलाच. पाय घोट्यात वाकडा राहिला. बाजारात ती मांडी घालून बसायची आणि कुणी विचारलं, गाळणी कशाला, की लुगडं थोडं वर करून तो पाय पुढं करायची. जास्त बोलावं लागायचं नाही.

नवस तिनं वाजतगाजत फेडला. बिरोबाला तळी भरली, भंडारा उधळला, वाडीला जेवण घातलं. रामहरी आला नाही. पुढं हयातभर त्यानं त्या देवळाची पायरी चढली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "देवानं तिचं ऐकलं. माझं न्हाई ऐकलं."

आणि रोज रात्री गोंडे बाजूला सारून, तेल कोमट करून, तिचा तो वाकडा घोटा चोळत बसायचा.